रसूलची तपासणी

संस्थान विलीन झालं, कचेरीचं दफ्तर मराठीत आलं आणि उर्दूत मोत्यांसारखं अक्षर काढणारा रसूल घरी बसला. चार वर्षांनी भूमच्या वाचनालयात शिपायाची जागा निघाली. तीन महिने काम शिकायचं आणि शेवटी तपासणीला साहेब मागतील ती पुस्तकं कपाटातून काढून द्यायची. जमलं तर कायम, नाही तर पुन्हा घर.

मराठी वाचता येत नाही, हे रसूलनं कुणालाच कळू दिलं नाही. वाचक पुस्तकाचं नाव सांगून ते परत करी, तेवढ्यात तो त्याचं रूप डोळ्यांत साठवी. हे पिवळं, ह्याचा कोपरा उंदरानं कुरतडलेला, त्याच्यावर तेलाचा डाग. अशी दोनशे सतरा पुस्तकं त्यानं पाठ केली.

ग्रंथपाल आवटे गुरुजी हरखून गेले. “रसूलभाई, लई तयार झालात! आता आठ दिवस घरी आराम करा, थेट तपासणीलाच या.”

तपासणीच्या सकाळी साहेब खुर्चीत बसले होते. गुरुजींनी मोठ्या कौतुकानं कपाटाची दारं उघडली.

“तुमच्या परीक्षेला कपाट कसं नव्या नवरीवाणी दिसाया पायजे! म्हणून सगळी पुस्तकं सोलापूरला धाडून बांधून आणली. हं, साहेब सांगतील ते काढा.”



दोनशे सतरा पुस्तकांना एकच हिरवं कापड होतं. वेगळी होती ती फक्त पाठीवरची सोनेरी नावं.