मंगळवारची पत्रं

"ती खुर्ची नको मिस्टर, तिचा पाय हलतो. इकडे बसा," एतेल्विनाबाई म्हणाल्या.

अबीलिओ त्रिगेइरुश निमूटपणे उठला आणि दुसऱ्या खुर्चीवर बसला. लिस्बनमध्ये दोनदा लीग जिंकलेला, अथेन्समध्ये एकदा, बड्या बड्या खेळाडूंना नुसत्या नजरेने गप्प करणारा हा माणूस. पण या गावात तो अजून अडतीस वर्षांपूर्वीचा मिस्टरच होता. आपल्याकडे पोर्तुगालात फुटबॉलच्या प्रशिक्षकाला मिस्टरच म्हणतात, मग तो जिंको नाहीतर हरो.

संध्याकाळी मारेझिया क्लबात त्याचा निरोपाचा सत्कार होता. कारकीर्द इथे सुरू झाली, तर संपवायचीही इथेच, असा त्याचा हट्ट. क्लब त्याला सोन्याचं बोधचिन्ह देणार होता, आणि ते तो तिथल्या तिथे दुसऱ्याच माणसाच्या नावाने देऊन टाकणार होता. नाव तेवढं पक्कं करायला तो आला होता.

बाईंनी कॉफी ओतली, मक्याचा पाव कापला. ऐंशी उलटली होती, पण हात थरथरत नव्हते. तीस वर्षं त्यांनी घरी बसून क्लबचे कपडे धुतले. टोपल्या आणायचं-न्यायचं काम नवऱ्याचं. मागच्या अंगणातलं दगडी टाकं अजून होतं, आता त्यात कोथिंबीर लावली होती.

"तुमचे उपकार आहेत माझ्यावर," बाई म्हणाल्या.

"माझे? ते कसे?"

"तुमच्या आधीच्या मिस्टर लोकांच्या वेळी मोजे उलटे, गोळे होऊन यायचे. एकेक सुलटा करत बसायचं, आत चिखल वाळलेला. तुम्ही आलात आणि पहिल्याच आठवड्यात सगळे मोजे सुलटे. कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कोणी नाही. माझी आई लोकांचे कपडे धुवायची."

पावाचा मोठा तुकडा बाईंनी त्याच्या बशीत सरकवला.

"मी झेफेरीनूसाठी आलोय, बाई," अबीलिओ म्हणाला.

झेफेरीनू म्हणजे बाईंचा नवरा. मैदानाच्या फाटकावर तिकिटं फाडायचा. मागच्या हिवाळ्यात गेला. भिंतीवरच्या फोटोत तो टोपी घालून हसत होता.

अबीलिओने कोटाच्या खिशातून जुन्या कागदांची चळत काढली. त्याच्या पहिल्याच मोसमात मारेझिया ओळीने पाच सामने हरला होता. हरणाऱ्या संघाला जागं करायचं तर प्रशिक्षकाला हाकलायचं, ही आपली जुनी रीत. खेळाडू वीस-पंचवीस, त्यांना कोण काढत बसणार? या रीतीला आपण चाबूक म्हणतो, आणि अध्यक्षांनी तो उचललाच होता. तेवढ्यात एका मंगळवारी अबीलिओच्या कपाटात बिनसहीचं पत्र आलं.

त्याने ते वाचून दाखवलं. "सहा नंबर डाव्या कुशीवर पडायला घाबरतो. काहीतरी लपवतोय. तीन नंबर दोघांचं काम करतोय, त्याला एक रविवार विश्रांती द्या. अकरा नंबरला तर घामच येत नाही."

"बरं," बाई म्हणाल्या.

"सहा नंबर म्हणजे आमचा रामिरु. डॉक्टरला दाखवलं तर डाव्या गुडघ्यात खरंच बिघाड. पोटावर पाय येईल म्हणून पोरगा बोलत नव्हता. त्याला बसवलं, अकराला बदललं आणि आम्ही जिंकलो. माझी नोकरी राहिली, त्याचा पाय राहिला. पुढचं सगळं त्या पत्रांवर उभं आहे, बाई."

"नशीब तुमचं."

"नशीब कसलं? पुढे पगार देऊन किती हुशार माणसं ठेवली मी. असा डोळा पाहिला नाही. पन्नासेक पत्रं, पण एकातही चेंडूचं नाव नाही. गोल कोणी मारला तेही नाही. हा माणूस चेंडूकडे बघतच नव्हता, फक्त माणसांकडे."

"कॉफी गार होतेय."

"आणि पाऊस झाला की त्या आठवड्यात पत्र नाही. मला वाटायचं, कोणी म्हातारा असेल, पावसात घराबाहेर पडत नसेल."

"पावसात काही कळत नाही हो. सगळे सारखेच चिखलात."

अबीलिओ हसला. "गेल्या महिन्यात क्लबचा जुना माळी भेटला. मंगळवारी सकाळी झेफेरीनूला माझ्या कपाटात पाकीट ठेवताना त्याने पाहिलं होतं. ज्याचे मी जन्मभर मनात आभार मानले, त्याला रोज फाटकावर नुसता हात करून पुढे जात होतो. आणि आता सांगायला तो नाही."

बाईंनी फोटोकडे पाहिलं. "भला माणूस. दिलेलं काम कधी विसरला नाही."

"मग आज त्याचं नाव घेऊ ना? चुकीच्या दारात आभार टाकून यायचं नाही मला. तुम्ही हो म्हणालात की झालं."

बाईंनी टेबलावरचा पावाचा चुरा तळहाताने गोळा केला. मग वरचं पत्र उचललं, डोळ्यांपासून लांब धरून सावकाश वाचलं आणि जुन्या घड्यांवर अंगठा फिरवत पुन्हा मिटलं.

"रामिरु होय त्याचं नाव," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांच्या चड्ड्या दोन्ही कुशींना गवताने हिरव्यागार. याची डावी बाजू मात्र दर सोमवारी कोरी निघायची. कधीपासून कोणाला तरी विचारीन म्हणत होते. मिस्टर, दिसायला कसा होता तो?"