अनोळखी मुलीचा गुडघा

शर्वाणीची दुरुस्ती एकेचाळीस दिवस पडून होती. कृत्रिम पायाचा प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला होता, कुणीही सुधारावा. नियम एकच: घरच्यांखेरीज दुसऱ्या कुणीतरी ती दुरुस्ती आधी स्वतःच्या कृत्रिम पायात घालून, चालून तपासायची. ओळखीच्या नावांची कामं तासाभरात तपासली जात. अनोळखी मुलीसाठी कोण पडायला तयार होणार? आणि तपासणीशिवाय, तपासणाऱ्याचा सोडून दुसरा कुठलाच पाय दुरुस्ती स्वीकारत नसे. शर्वाणीचे बाबा चार महिने दुसऱ्या मजल्यावरून खाली आले नव्हते. उतरताना त्यांचा कृत्रिम गुडघा अचानक दुमडायचा.

बेचाळिसाव्या दिवशी मालवणच्या फिलोमिना डिमेलो तपासणीसाठी पडद्यावर आल्या. त्या जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या होत्या.

"घातलीय गो. पडले तर शिव्या तुला."

"आंटी, कठडा धरा."

"कठडा धरून काय तपासू, तुझं अक्षर?"

त्या अकरा पायऱ्या उतरल्या. मग भरलेली कळशी घेऊन पुन्हा उतरू लागल्या. सातव्या पायरीवर गुडघा अडला. त्या भिंतीला टेकून सावरल्या.

"ओझं असलं की उशिरा वाकतो. बदल, मी थांबते."

शर्वाणीने वीस मिनिटांत बदललं. फिलोमिना कळशीसकट सरळ खाली गेल्या आणि तिथूनच मंजुरी दिली.

संध्याकाळी बाबा जिना उतरले, कोपऱ्यावरच्या दुकानात दाढी करून आले.

"तुझ्यासारखे नवे अजून किती थांबलेत?" त्यांनी विचारलं.

"सव्वीस."

"पहिल्याची दुरुस्ती माझ्या पायात घाल," म्हणत ते पुन्हा जिन्याकडे निघाले.