मिनिटाला अठरा

"श्वास कोण मोजत बसतं? अठरा लिही," सीनियर म्हणाला होता. "माणूस समोर पडलाय, श्वास घेतोय, मग अठराच. नाडी तेवढी नीट बघ, ती सर स्वतः तपासतात."

वॉर्डातला तिचा हा सहावा दिवस. खाटा बारा, फेरी दर दोन तासांनी. ताप, नाडी, रक्तदाब, त्यात प्रत्येकाचा श्वास मिनिटभर मोजायचा म्हणजे झालंच. पहिल्या दिवशी तिने इमानेइतबारे मोजले आणि सगळ्यांच्या मागे पडली. दुसऱ्या दिवसापासून तीही अठरा लिहायला लागली. कुणाचं काही बिघडलं नाही.

सातव्या खाटेवर न्यूमोनियाचा म्हातारा होता. त्याचा मुलगा वायरमन. चार दिवस तो खाटेशेजारच्या स्टुलावरून हलला नव्हता. सकाळी दहाच्या फेरीला तिने अठरा लिहून चार्ट अडकवला, तेवढ्यात त्याने तो काढून घेतला आणि ओळीवरून बोट फिरवलं.

"अठरा, अठरा, अठरा. मानलं बाबांना! इतकं स्थिर व्होल्टेज मी उभ्या जन्मात पाहिलं नाही, डॉक्टर."

ती हसली. हसायला काय जातंय.

"एक विचारू? माझी ताई येतेय. तिचे गुडघे गेलेत, स्टँडवरून एकटीला यायला जमायचं नाही. जाऊन यायला दोन तास तरी मोडतील." त्याने आवाज खाली आणला. "पण बाबा परवा म्हणाले, मला एकटं सोडू नकोस रे. एवढं एकच मागितलं त्यांनी. तेव्हा काही कमी-जास्त व्हायचं असेल तर मी हलत नाही. तुम्ही सांगाल तसं."

ती डॉक्टर नव्हती. मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होती, अंगात एप्रन होता एवढंच. सरांना विचारून सांगते, असं म्हणता आलं असतं. पण सर पलीकडच्या वॉर्डात होते आणि सीनियर चहाला गेला होता. तिने चार्टकडे पाहिलं. त्यातले निम्मे आकडे तिच्याच अक्षरात होते.

"जा तुम्ही," ती म्हणाली. "स्थिर आहेत."

त्याने पांघरूण सारखं केलं. बापाच्या कानाशी वाकून "ताईला घेऊन आलोच हं" म्हणाला आणि जवळजवळ पळतच गेला.

ती आठव्या खाटेकडे वळली, पण ते व्होल्टेज काही डोक्यातून जाईना. म्हणून परत आली. मनगटावरच्या घड्याळाकडे एक डोळा आणि म्हाताऱ्याच्या छातीवर एक, असं करून मोजायला लागली. चाळीस. आपलंच काहीतरी चुकलं म्हणून पुन्हा मोजले. त्रेचाळीस. मग मात्र धावत सुटली.

पुढचं सगळं भराभर झालं. पडदा ओढला गेला, ऑक्सिजन आला, सर आले. इंजेक्शनं झाली. "छाती दाब," कुणीतरी म्हणालं आणि ती दाबायला लागली. हाताखाली काहीतरी कट्कन वाजलं. "थांबू नकोस," सर म्हणाले. ती थांबली नाही. अकराला पाच कमी असताना त्यांनीच तिचा हात धरून थांबवलं.

मग त्यांनी चार्ट उचलला. आता वाभाडे निघणार म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली. पण सर चढ्या आवाजात बोललेच नाहीत.

"एक मिनिट मोजायला किती वेळ लागतो गं?"

"एक मिनिट, सर."

त्यांनी चार्ट तिच्या हातात दिला आणि हात धुवायला निघून गेले.

रडू येईल असं वाटून ती जिन्यात जाऊन उभी राहिली. आलं नाही. भूक मात्र सपाटून लागली होती. एप्रनच्या खिशात बिस्किटांचा पुडा होता, त्यातली चार बिस्किटं तिने उभ्याउभ्या खाल्ली. कसलीच चव लागली नाही. आपल्याला काहीच कसं वाटत नाही, याची तेवढी भीती वाटली, आणि मग ती भीतीही गेली.

बाराच्या सुमाराला वायरमन ताईला घेऊन आला. सरांनी दोघांना दारातच गाठून सांगितलं. ताई भिंतीला टेकली. मग भावावर उसळली.

"तू त्यांना सोडून आलासच कसा? मी रांगत आले असते रे! एवढं एक मागितलं होतं त्यांनी, एवढं एक!"

"अगं, मी काय असाच आलो का?" त्याचा आवाज फुटला. त्याने वॉर्डभर बघितलं आणि ती दिसताच तिच्याकडे हात केला. "या बघ, या डॉक्टर. यांना विचारूनच निघालो मी. तुम्ही सांगा ना हिला. विचारलं होतं ना मी तुम्हाला?"

"हो," ती म्हणाली. "मीच जा म्हटलं."

पुढचं वाक्य तिच्या तोंडात तयार होतं. ते बाहेर पडलं नाही.

ताईने तिच्याकडे पाहिलं, एप्रनकडे पाहिलं. पदराने डोळे पुसले आणि भावाच्या पाठीवर हात ठेवला.

"डॉक्टरच जा म्हणाल्या," ती म्हणाली, "मग तू तरी काय करणार रे."