मोनूच्या हातचा अग्नी

नंदलालला अंगणात तिरडीवर ठेवलं होतं आणि सगळे विक्कीची वाट पाहत होते.

विक्की म्हणजे नंदलालचा एकुलता एक मुलगा. नागपूरला राहायचा. पहाटे नंदलाल गेला तसा नंदलालच्या चुलतभावानं, भय्याजींनी, त्याला फोन केला, आणि निघतो म्हणून तो बोलला होता. आता ऊन अंगणभर पसरलं होतं. भिंतीच्या सावलीत बसलेली माणसं मधूनमधून रस्त्याकडे बघत होती.

अंजू खांबाला टेकून बसली होती. तिला रडू येत नव्हतं. अंगात नुसता थकवा होता, कित्येक वर्षांचा, आज एकदम वर आलेला. मधेच ती उठायला जायची. बाबांच्या गोळीची वेळ झाली असं वाटायचं. मग तिरडी दिसायची आणि ती परत बसायची.

नंदलाल पवनीचा विणकर. त्याच्या मागावरची लुगडी लोक त्याचं नाव सांगून मागायचे. एका हिवाळ्यात त्याचा उजवा हात थरथरायला लागला. थंडीनं असेल असं वाटलं. पण उन्हाळा आला तरी थरथर थांबली नाही. ताण्यातून आडवं सूत नेणारा धोटा हातातून सुटायचा, सूत तुटायचं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, पार्किन्सन, म्हणजे कंपवात. बरा होणारा नाही, गोळ्यांवर चालवायचं.

त्या दिवशी घरी येऊन तो आजाराबद्दल काहीच बोलला नाही. मोनू, अंजूची मुलगी, तेव्हा नुकतीच शाळेत जायला लागली होती. पाय चालतात तोवर हिला शाळेत मीच पोहोचवीन, एवढंच तो म्हणाला.

आणि त्यानं पोहोचवलं. पावलं आखूड होत गेली, तरी मोनूचं दप्तर त्याच्याच खांद्यावर असायचं. पुढे पुढे दारातच त्याचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. अंजू त्याच्या पुढे काठी आडवी टाकायची. ओलांडायला काहीतरी दिसलं की पाय उचलायचा. चेहरा हळूहळू लाकडासारखा ताठ झाला. लोकांना वाटायचं, म्हातारा चिडलेला आहे. मोनू मात्र सांगायची की आबा हसून राहिले, मले समजते.

शेवटची वर्षं खाटेवर गेली. अंजू ब्लाऊज शिवता शिवता उठायची, त्याला कुशीवर वळवायची, भात मऊ कालवून भरवायची, ठसका लागला की पाठ चोळायची. कधी तिचा धीर सुटायचा आणि ती ओरडायची. मग थोड्या वेळानं तो आपला थरथरता हात तिच्या डोक्यापर्यंत न्यायचा प्रयत्न करायचा. बहुतेक वेळा तो पोहोचायचा नाही. तीच डोकं खाली करायची.

हे सगळं ती का करते, असं गल्लीत कोणी विचारत नसे. मोनू रांगत होती तेव्हा अंजूचा संसार मोडला. नवरा दुसरीसोबत निघून गेला. विक्कीचं म्हणणं होतं की अंजूनं या घरात राहू नये, तिनं आपलं आपण पाहावं. गल्लीतही कुजबुज सुरू झाली. नंदलाल कधी आवाज न चढवणारा माणूस. पण एक दिवस तो दारात उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"ही माही पोरगी आहे. इथंच राहणार. ज्याले पटत नसन त्यानं माह्या दारात येऊ नये."

विक्की त्यानंतर आला नाही. बापलेकांचं बोलणं तिथंच संपलं.

या दिवाळीनंतर नंदलालचा आवाज पार बसला. एका दुपारी त्यानं अंजूला खुणेनं बोलावलं. तिनं कान त्याच्या ओठांशी नेला.

"मले अग्नी मोनूच्या हातून पाह्यजे," तो म्हणाला. "विक्कीच्या नाही."

असं काही बोलू नका, ती म्हणाली. त्यानं पुन्हा तेच सांगितलं आणि ती हो म्हणेपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

सकाळी तिनं हे भय्याजींना सांगितलं. ते घराण्यात मोठे. त्यांना पटलं नाही. पोरगा जिवंत असताना नातीच्या हातून अग्नी कसा द्यायचा, दुखण्यात माणूस काहीबाही बोलतो, असं त्यांचं म्हणणं. शेजारचा ताराचंद म्हणाला, मरणाऱ्याचा शब्द आहे, पाळावा. शेवटी विक्की येईपर्यंत थांबायचं ठरलं. भांडण्याइतकं बळ अंजूत उरलं नव्हतं.

गाडी आली. विक्की उतरला. केस पिकायला लागले होते. तो सरळ तिरडीपाशी गेला, बापाच्या पायांवर कपाळ टेकलं आणि हमसून रडला. कोणी त्याला उठवलं नाही.

पेटत्या गोवऱ्यांचं मडकं तयार होतं. भय्याजींनी विक्कीला ते उचलायला सांगितलं.

अंजू उठली. ती मडक्याच्या आणि विक्कीच्या मधे येऊन उभी राहिली आणि बाबांनी काय सांगितलं होतं ते तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. आवाज चढला नाही, थरथरलाही नाही. भय्याजी काही बोलणार, तोच विक्कीनं मान खाली घातली.

"बाबानं सांगतलं असन तं तिलेच देऊ द्या," तो म्हणाला.

ताराचंदनं मोनूला पुढे बोलावलं. ती विक्कीकडे न बघता त्याच्या बाजूनं मडक्याकडे निघाली. अंजूनं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला थांबवलं आणि विक्कीकडे वळवलं.

"पहिले पाया पड त्याच्या," ती थकलेल्या आवाजात म्हणाली. "मले टाकून गेला असन, तरी बाप आहे तुहा."