श्वासावर परत

लेक रेवा गेल्याचा फोन आला, तेव्हा हवालदार खामकर सीमेवरच्या चौकीत होते. मन जरा भरकटलं की लष्कराने कानामागे बसवलेली चकती त्याला श्वासावर परत आणी. म्हणून गोळीबारातही त्यांचा हात कधी थरथरला नव्हता. घरी येऊन त्यांनी रेवाला शांतपणे खांदा दिला.

"अहो, एकदा तरी रडा," बायको कुसुम म्हणाली. "मी एकटीच किती रडू?"

त्यांनी लष्करी इस्पितळात जाऊन चकती काढून घेतली. तरीही महिनाभर हुंदका घशाशी येई आणि श्वासात विरून जाई.

"चकती निघाली," ते पुन्हा दाखवायला गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "पण मेंदूला लागलेली सवय आता निघायची नाही."

घरी कुसुम रेवाचा फ्रॉक उराशी धरून बसली होती. खामकर शेजारी टेकले. तिने त्यांच्या कोरड्या डोळ्यांकडे पाहिलं आणि उठून आतल्या खोलीची कडी लावली. खामकरांना ते कळलं. लागलं मात्र नाही.