ओळख पटवणारा

हुकुमावर शिक्का मारायला माणूस नव्हता, म्हणून न्यायाधीशसाहेबांनी तो स्वतःच मारला. पहिला उलटा उमटला. दुसरा बरा आला. अठ्ठ्याहत्तरचा जानेवारी होता आणि सोलापूरच्या कोर्टातले कारकून, टायपिस्ट, शिपाई, बेलीफ सगळे महिनाभर संपावर होते. आत हजर होता तो एकटा कुंडलिक बेलीफ.

कुंडलिक संपात नव्हता, तो काही साहेबांच्या मर्जीतला होता म्हणून नव्हे. एकतीस जानेवारीला तो निवृत्त होणार होता. संप सुरू झाला त्या सकाळी युनियनचा सेक्रेटरी रुद्रप्पा त्याला फाटकातच म्हणाला होता, "अण्णा, तुमी आत जावा. जाता जाता पेन्शनीत खोडा नको. तुमच्या वाटच्या घोषणा आमी देतो की." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. तेव्हापासून कुंडलिक रोज फाटकाबाहेर मांडव घालून बसलेल्या ऐंशी संपकऱ्यांसमोरून मान खाली घालून आत जायचा, आणि ते त्याला चहा पाजल्याशिवाय सोडायचे नाहीत. त्या चहाची त्याला फार लाज वाटायची.

आज साहेबांनी तो ताजा हुकूम त्याच्याच हातात ठेवला. सरकारने मिळवलेला मनाई हुकूम होता. संप बंद करा. हुकूम रुद्रप्पाच्या हातात पडल्यापासून चोवीस तासांत जो कामावर येणार नाही, त्याची नोकरी गेली. हातात पडला नाही तर मात्र त्या कागदाला काही अर्थ नव्हता. पुण्याहून आलेले सरकारी वकील शेजारीच उभे होते. मुंबईत सरकारची संपकऱ्यांशी बोलणी चालू होती, आणि ती पुरी व्हायच्या आत त्यांना संप मोडून हवा होता.

"बजावून या," साहेब म्हणाले. "आणि अहवाल नीट लिहा, कुंडलिक. शेवटच्या आठवड्यात भानगड नको."

बेलिफाच्या कामाची एक रीत आहे. ज्याला कागद द्यायचा तो माणूस ओळखीचा असेल, तर बेलिफाने तसं लिहून द्यायचं. नसेल, तर त्याला ओळखणारा कोणी गाठायचा, त्याची सही घ्यायची आणि मगच कागद हातात ठेवायचा. भलत्याच माणसाला हुकूम दिला तर सगळी बजावणी फुकट जाते. इथे तो प्रश्नच नव्हता. रुद्रप्पा बेलिफांच्याच खोलीतला कारकून. अठरा वर्षं दोघे समोरासमोर बसत होते. रुद्रप्पाच्या लग्नात अक्षता वाटायला कुंडलिक होता.

तो फाटकाबाहेर आला तशा मांडवातल्या घोषणा थांबल्या. कोर्टातल्या माणसांना कागदाची घडी बघूनच आत काय आहे ते कळतं.

रुद्रप्पा उठला. त्याचा चेहरा उतरला होता, पण हात त्याने आपणहून पुढे केला.

"द्या अण्णा," तो हळूच म्हणाला. "तुमचं काम हाय ते. मी राग मानणार न्हाय."

कुंडलिकने कागद पुढे केला नाही. घसा खाकरून, कोर्टात पुकारा करतात तशा आवाजात तो ओरडला, "रुद्रप्पा नावाचा इसम हितं हाय का? मी त्याला वळखत न्हाय. वळख पटवणारं कोन हाय का?"

रुद्रप्पा एक पाऊल पुढे आला.

"अण्णा, आवो मीच..."

"सोताची वळख सोता पटवता येत न्हाय," कुंडलिक त्याच्यावर खेकसला. "कारकून हायेस ना? गप बस खाली."

मागून धोंडीराम शिपाई उठला. "आमी बी न्हाय वळखत," तो म्हणाला. मग दुसरा उठला, तिसरा उठला. ज्याच्या एका शब्दावर ते महिनाभर बिनपगारी बसले होते, त्याला त्यांच्यापैकी एकही जण ओळखत नव्हता.

कुंडलिकने आत येऊन अहवाल लिहिला. 'सदर इसमास मी ओळखत नाही. ओळख पटवणारा मिळाला नाही. सबब हुकूम बजावणी न होता परत.' सही करताना त्याला घरी बायकोला, मथुराबाईला, काय सांगायचं ते सुचेना, आणि त्याचे डोळे भरून आले. खोटा अहवाल म्हणजे बडतर्फी, आणि बडतर्फ माणसाला पेन्शन नाही. हे त्याला कोणी शिकवायला नको होतं.

अहवाल वाचून वकील भडकले. "धडधडीत खोटं आहे हे! तो कारकून याच्याच खोलीतला आहे. साहेब, हुकूम त्याच्या घराच्या दाराला डकवून बजावणी झाली असं धरायची परवानगी द्या."

"त्यासाठी अर्ज करा," साहेब म्हणाले. "अर्ज घेणारा कारकून कामावर आला की लगेच घेऊ."

"मग आपणच ओळख पटवा ना. रोज आपल्या सह्या घ्यायला तोच येत होता की नाही?"

"न्यायाधीशाला आपल्याच कोर्टात साक्षीदार होता येत नाही, वकीलसाहेब."

"आणि या बेलिफाचं काय?"

साहेबांनी कुंडलिककडे पाहिलं. कुंडलिक जमिनीकडे पाहत होता. मग साहेबांनी अहवाल पुढे ओढला आणि खाली आपल्या हाताने लिहिलं, 'पाहिला. मान्य. ओळख पटवणारा हजर करण्यासाठी पुढील तारीख, एक फेब्रुवारी.'