लाल पेल्याचा प्रयोग

टेकडीवरच्या देवळाच्या शेवटच्या पायरीवर टेकून सुलभाने वहीत आजचे गुण लिहिले. दहापैकी दम सहा, मन नऊ.

मी चाट पडलो.

तिची बहीण गेल्यापासून माझी ही बायको घराबाहेर पडत नव्हती. मुलाने पुण्याहून दोन पुड्या पाठवल्या. बिटाची व्यायामासाठी, सिट्रुलिन नावाच्या अमिनो आम्लाची मूडसाठी. दोन्हींनी रक्तात नायट्रिक ऑक्साइड वाढून रक्तप्रवाह सुधारतो म्हणे. डॉक्टरांनीही हरकत घेतली नाही. पण तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला नुसतं 'म्हणे' पुरत नाही. रोज सकाळी पेला मीच कालवू लागलो. पहिला आठवडा नुसतं बीट, मन चार. दुसरा आठवडा दोन्ही एकत्र, मन सहा. तिसऱ्या आठवड्यात ताडून बघावं म्हणून गुपचूप कोकमाचं सरबत दिलं. रंग तसाच लाल.

आता राहवेना. म्हटलं, "सुलभा, हा आठवडाभर पेल्यात औषध नव्हतंच. कोकम होतं."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "त्या कोकमाचं आगळ मीच घरी केलंय. माझ्या हातची चव मला कळणार नाही होय?"

"मग बोलली नाहीस ती? आणि नऊ कशाचे दिलेस?"

तिने वही मिटून माझ्या हातात दिली.

"चाळीस वर्षांत तुम्ही मला साधा चहा करून दिला नव्हतात. बोलले असते तर पेला बंद झाला असता." पदर खोचून ती पायऱ्या उतरायला लागली. "उद्या साखर जरा कमी घाला."